शब्दांमधली मोकळी जागा

पैठणला नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्या काळी पोथ्या सलग लिहीत. शब्द वाचणाऱ्यानेच तोडायचे. मोडीतही तेच. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढी, मग अक्षरे तिला टांगी. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. आता संभाजीनगरकडच्या एखाद्या घरी जुन्या कागदात ‘जमीनदारासमोर’ असे निघाले, तर काय वाचाल? जमीन दारासमोर, की जमीनदारासमोर? शेताचा वाद असला म्हणजे हा फरक लहान नव्हे! छपाईने शब्द सुटे केले. संगणकही मोकळी जागा दिसली की तिथे शब्द तोडतो. २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये आली खरी. पण जुनी सलग ओळ तशीच दिली, तर यंत्र तिला एकच शब्द धरते. ‘जमीन’पुढे तोडायचे की नाही, ते कागदातल्या चतुःसीमा पाहून माणसानेच ठरवायचे.