उघडी मेंढी

आमच्या लिंबागणेशात पत्ते म्हटले की मेंढीकोट. तीनपत्ती दिवाळीत आडोशाला चालायची आणि रमी शहराकडून आली, तीही पुढं. पण देवळाजवळच्या पारावर, चार माणसं उजेडात बसून, कुणी आलं-गेलं तरी पानं न झाकता खेळायची तो डाव मेंढीकोटाचाच. भालचंद्राच्या देवळात चतुर्थीला आलेला पाव्हणासुद्धा दर्शन झालं की घटकाभर डोकवायचा आणि न विचारता सल्ला द्यायचा. पत्त्यात सल्ला देणारा माणूस खेळणाऱ्यापेक्षा नेहमीच हुशार असतो.

मी हा खेळ शिकलो तो १९७२ च्या दुष्काळात. वय दहा. दसरा झाला तसे गावातले कोयते कारखान्याकडं गेले आणि पारावरच्या चौघांतला एक भिडू त्यांच्याबरोबर गेला. राहिले तिघं: माझे चुलते तात्या, देवळाचे गुरव आणि मशिदीमागं राहणारे चाचा. तिघांत मेंढीकोट होत नाही. तात्यांनी मला हाक मारली, "ये रं लेकरा, बस. पान उचलता येतंय नव्हं?"

बावन्न पानं, चार माणसं, प्रत्येकाला तेरा. समोरासमोरचे दोघं भिडू. वाटायची उजवीकडनं, आधी पाच पाच, मग चार चार. एक्का सगळ्यात मोठा, मग राजा, राणी, गुलाम आणि त्यांच्याखाली दश्शी. हीच दश्शी म्हणजे मेंढी. चार रंगांच्या चार मेंढ्या. ज्या बाजूला तीन गेल्या ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे, ज्यांचे सात त्यांचा डाव. चारही एकाच बाजूला गेल्या की कोट. आणि तेराच्या तेरा हात एकाच बाजूनं ओढले तर बावन्नपानी कोट. तो मी उभ्या आयुष्यात तीनदा पाहिला, त्यातला एक आमच्यावरच लागला.

हुकूम दोन तऱ्हेचा. बंद हुकमात वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा माणूस एक पान पालथं ठेवतो आणि कुणाकडं उतारीचा रंग संपला की ते उघडायला लावतो. कट हुकमात ज्याचा रंग पहिल्यांदा संपेल तो जे पान टाकील तोच रंग हुकूम. तात्यांना कट हुकूम आवडायचा, कारण त्यात आधी ठरवून काही करता येत नाही.

पहिल्याच डावात मी किलवरची दश्शी उतारीला टाकली. मला वाटलं दहा म्हणजे मोठं पान. चाचांनी राणी टाकून ती अलगद नेली. गुरव हसले. तात्या हसले नाहीत, रागावलेही नाहीत. डाव संपल्यावर म्हणाले, "मेंढीच्या वर चार वाघ असतात. ते चारी कुठं हायत ते कळल्याबिगर मेंढी रानात सोडायची न्हाई." मग त्यांनी मला खरा खेळ शिकवला, तो म्हणजे पडलेलं पान न विसरण्याचा. दर डावानंतर विचारायचे: तिसऱ्या हाताला इस्पिकचं काय पडलं? बदामाचा गुलाम कुणी नेला? तात्यांना अक्षरओळख नव्हती, अंगठा उठवायचे. पण तेरा हातांतली बावन्न पानं ओळीनं सांगायचे, कुणी कोणतं टाकलं त्याच्यासकट.

हिशोब देवळामागच्या एका पडक्या भिंतीवर, कोळशानं. साधा डाव जिंकला की उभी रेघ, कोट झाला की गोळा. हरणाऱ्यानं पानं पिसायची आणि जिंकेपर्यंत पिसतच राहायचं. कोट लागला तर पिसणं त्याच्याकडून त्याच्याच भिडूकडं. ही पिसायची नामुष्की पैशापेक्षा मोठी. पैसा नव्हताच म्हणा. आज्याच्या काळात हाली शिक्क्याच्या पैशावर खेळायचे असं ऐकलं होतं. निजामाचं राज्य १९४८ साली गेलं, हालीही नंतर गेला, राहिला तो हुकूम. हा शब्द अरबी. कचेरीतला हुकूम आणि पत्त्यातला हुकूम आमच्याकडं एकाच तोंडानं बोलला जायचा आणि दोन्हींपुढं राजासुद्धा कापला जायचा.

पुढं मास्तरकी करताना सावंतवाडीला गेलो तेव्हा राजवाड्यात गंजिफा पाहिला. गोल पानं, हातानं रंगवलेली, वर लाखेचा लेप. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकशेवीस पानं. राणी नाहीच. निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा खेळ बसला तर रामाचा राजा असलेल्यानं सुरुवात करायची, रात्री बसला तर कृष्णाच्या. आपल्यासारखा हुकमाचा रंग मात्र नसतो. मोगली गंजिफा शहाण्णव पानांचा, आठ रंगांचा, आणि त्यातल्या एका रंगाचं नावच गुलाम. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शहा हुसेनाला गंजिफा धाडल्याचं त्याच्या आठवणींत आहे. आपले बावन्न पत्ते मागनं युरोपी लोकांबरोबर आले. मला राहून राहून वाटलं, तात्यांना इथं आणायला हवं होतं. एकशेवीस पानांतही त्यांनी बदामाचा गुलाम विचारला असता.

तर दुष्काळ. आमच्या भागात सरकारनं रस्त्याची, तलावाची कामं काढली होती. तात्या, काकू, माझी आई खडी फोडायला जायचे. मिलोच्या लाल भाकरी, पोरांना सुकडी. खडी ब्रासवर मोजायची आणि आठवड्यानं पगार. एका आठवड्याला तात्यांच्या हातात चार दिवसांचे पैसे आले. सहा दिवस काम केलं होतं. हजेरी मांडणारा म्हणाला, मस्टरवर चारच दिवस हायत, अंगठा तुमचाच हाय. दुसऱ्या दिवशी गावात बोलणं निघालं की तात्या खोटं बोलून पैसे उकळायला बघतात. चवथीचा चंद्र बघितला की खोटा आळ येतो म्हणतात, आणि शापातनं सुटायला त्या चंद्रानं तप केलं ते आमच्याच गावात. काकू रडत म्हणाली, "ह्या गावात ऱ्हाऊन आळ आपल्यावरच कामून?"

पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब आले. तात्या पुढं गेले. मी मागं उभा होतो. ते सोमवारपासून सांगू लागले: कोणत्या ढिगावर बसलो, शेजारी कोण, टेप कुणी धरला, किती भरली, कोणत्या दिवशी पाण्याचं टँकर उशिरा आलं, बुधवारी कुणाच्या बोटावर घण बसला. साहेबांनी त्या बोटवाल्याला बोलावलं. पट्टी बांधलेलं बोट त्यानं वर केलं. मग आणखी दोघांना विचारलं. तात्यांनी सांगितलं तसंच निघालं, आणि चार नव्हे तर आणखी सात जणांचे दिवस गळालेले सापडले.

पैसे मिळाले. पण त्याच आठवड्यात तात्यांचं नाव या कामावरून काढून दूरच्या तलावावर टाकलं. पहाटे निघायचे, रात्री यायचे. पारावर दोनच माणसं उरली, गुरव आणि चाचा, आणि एक मी. भिंतीवरचा हिशोब आमच्या बाजूनं अठरा रेघा आणि दोन गोळ्यांवर थांबला. पुढच्या पावसात तो धुऊन गेला. त्या साली पाऊस पडला, एवढ्यावर कुणी हिशोबाचं दुःख केलं नाही.

तात्यांचा जोड माझ्याकडं आहे. त्यात चौकटची दश्शी नाही. ती मी शिकायच्या आधीच हरवली होती. तिच्या जागी काडेपेटीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्यावर दहा चौकटी काढलेलं पान आहे. पाठ निराळी, म्हणून ते कुणाच्या हातात गेलं हे वाटतानाच चौघांना दिसायचं. नवा जोड आणायला पैसे नव्हते असं नाही, नंतर होते. पण पारावर त्यावरनं वेगळाच नियम बसला होता. तिला 'उघडी मेंढी' म्हणायचे. ती ज्याच्याकडं आली त्यानं लपवायचा प्रयत्न करायचा नाही आणि बाकीच्यांनी तिच्याकडं बघायचं नाही. चाचा तर ती दुसऱ्याला वाटली गेली की मान वळवून देवळाच्या कळसाकडं बघत बसायचे.