मामा तलावातल्या मासेमारीची कुळकथा

ज्या देशांत हिवाळ्यात सरोवरे गोठतात, तेथे नवशिका बर्फाला भोक पाडून गळ सोडतो; चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखात पाणी गोठत नाही, आटते, आणि तळाशी उरलेल्या डबक्यात मासा नाइलाजाने दाटी करतो, म्हणून इकडच्या नवशिक्याची शाळा ऐन वैशाखात भरते. ती बहुधा मामा तलावांत भरते, आणि गंमत अशी की हे तलाव माशांसाठी कोणी बांधलेच नव्हते.

गोंड राजांच्या अमदानीत जो रान तोडून तलाव बांधील, त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन बहाल करण्याची वहिवाट होती; मेजर ल्यूसी-स्मिथ यांच्या १८६९ च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात तिचा निर्देश आहे. अशा जमिनीस तुकूम म्हणत; चंद्रपूर शहरात त्या नावाची वस्ती अजून नांदते आहे. कोहळ्यांसारख्या कसबी शेतकऱ्यांनी उताराला आडवी मातीची पाळ घालून, भाताला पाणी सोडण्यास तुडुम आणि जास्तीचे पाणी वाहून जाण्यास सांडवा ठेवून हे तलाव उभे केले. सांडव्याची ही सोय धानासाठी होती. परंतु मृगाच्या पहिल्या पुरात नाल्यातला मासा त्याच वाटेने पाण्याविरुद्ध चढून आत येऊ लागला, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला तलाव बांधणाऱ्याने न योजिलेला एक व्यवसाय लाभला.

त्यामुळे ढिवराचे पोर जाळे हाती घेण्यापूर्वी पाणी वाचावयास शिकते: पाळीवर बसून गांडुळाचा गळ, मग वाहत्या पाण्याच्या तोंडाशी बांबूचा सापळा, आणि हात बसल्यावरच फेकजाळे. मरळ हवेतला प्राणवायू घेऊ शकते, म्हणून आटत्या चिखलातही ती तग धरते. रोहू-कटल्याला हे साधत नाही. त्यांचे तर साचल्या पाण्यात प्रजननच होत नाही. त्यांची बोटुकली नदीतल्या बीजापासून वाढवून आणावी लागे, आणि १९५७ साली ओरिसात हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरीच्या अर्काची सुई टोचून माशांना अंडी घालावयास लावीपर्यंत ही परावलंबिता सुटली नव्हती.

पुढे हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांच्या, हाती आले होते; ती मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’ या सरकारी शब्दांची आद्याक्षरे जुळून त्यांचा ‘मामा’ झाला. दफ्तराने अजाणता जोडलेल्या इतक्या लोभस नात्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. मासेमारीचा ठेका आता मच्छिमार सहकारी संस्थांना मिळतो खरा, पण एकाच पाण्यावर दोन धनी बसले आहेत: भाताच्या अखेरच्या पाळीसाठी तुडुम पुरते उघडावे असे शेतकरी म्हणतो, तर बोटुकली वाढेपर्यंत तळाशी पाणी राहू द्यावे असे ढिवर; आणि माझ्या मते या तंट्यात ढिवराचे म्हणणे फारच कमी ऐकले जाते, कारण तलावाच्या जन्मकाळी तो कागदावर नव्हताच.