लालबाग-परळची पायी वाट

खटाव-माणात असं गाव विरळाच, जिथला एकही माणूस मुंबईच्या गिरणीत गेला नाही. दुष्काळ पडला की घरचा कर्ता बोरिवली नव्हे, लालबाग-परळ गाठायचा, आणि मागं बाई मनिऑर्डरची वाट बघायची. ते गिरणगाव बघायला आम्ही वडूजच्या गटातल्या नऊ जणी गेलो. सोबत आमच्या गटातल्या आजी होत्या. त्यांनी तिथं खाणावळ चालवली होती.

परळच्या एसटी डेपोत पहाटे उतरलो आणि पायीच निघालो. मुंबईची पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली, कावसजी दावर यांची. पुढं लालबाग, परळ, वरळीपर्यंत चिमण्याच चिमण्या. बायकाही कामाला असत, बहुतेक सूत गुंडाळायच्या खात्यात. आता भारतमाता टॉकीजपाशी उभं राहिलं की गिरणीची जुनी भिंत दिसते आणि मागं टोलेजंग इमारती. लोअर परळला फिनिक्स गिरणीचा मॉल झालाय, चिमणी तेवढी उभी आहे. आत चहाची किंमत बघून आम्ही बाहेर आलो!

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपाशी मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि आजी बोलायला लागल्या. दहा बाय दहाची खोली, वीस गडी जेवायला. पहिली पाळी सातची, म्हणजे डबे त्याआधी तयार. गडी गावी गेला की तेवढ्या दिवसांचे खाडे वजा. पैसे पगाराला मिळायचे, पण वाणी तोवर थांबायचा नाही. मग सावकार, मग डोरलं गहाण. याच अडचणीवर प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या कितीतरी आधी! आजींपर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आजींनी चार महिने उधारीवर जेवू घातलं. "गावचीच पोरं, उपाशी कशी ठेवू?" शेवटी भांडी विकून त्या गावी आल्या.

पुढं १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर ज्यांचं नाव होतं, त्यांना किंवा त्यांच्या वारसांना घरासाठी अर्ज करता आला. आजींच्या मालकांचा अर्ज आहे. आम्ही कागद बघत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांच्या साच्याचा कागद हाय, माझ्या पोळपाटाचा कुठाय?"

त्यांची चाळ सापडली नाही. त्या जागी टॉवर आहे, रखवालदारानं आत सोडलं नाही. परतताना एसटीत आजींनी पिशवीतून उधारीची वही काढली. अकरा नावं, सगळी आपल्याच भागातली. दोन औंधची, एक पुसेसावळीचं. एकावरही काट मारलेली नव्हती.