दोन चमचे, समभाग पाण्यातून

आमच्या आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माउलींची पालखी नीरास्नान करून लोणंदला मुक्कामी आली की तिचे दिवस वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढण्यात जायचे. दारूचा विषय निघाला तरी ती उठून आत जायची. आणि हीच बाई रोज दुपारी जेवण झालं की फडताळातली काळी बाटली काढायची, दोन चमचे द्राक्षासव वाटीत ओतायची, तेवढंच पाणी घालायची आणि घोट घोट घेत डोळे मिटून बसायची. औषध असं डोळे मिटून कुणी घेत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

मध्यंतरी पुतण्याने नाशिकहून एक छोटी बाटली आणली. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां, ३७५ मिलीची. वेलीवरच जास्त दिवस राखलेल्या, सुकू लागलेल्या द्राक्षांची गोड वाइन. ‘काका, ही जेवणानंतर घ्यायची, थोडी थोडी,’ तो मला समजावून सांगू लागला. मी त्याला आजीचं फडताळ सांगितलं.

आजोबा वैद्य. गावात त्यांना तात्या म्हणत. माघ-फाल्गुनात भोर-वाईकडच्या डोंगरांतून धायटीची लाल फुलं यायची आणि त्यांचं काम सुरू व्हायचं. काळे मनुके पाण्यात उकळून पाणी चौथाईवर आणायचं, गाळून गार झालं की गूळ, मग दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग आणि शेवटी धायटी. तुपाचा हात फिरवलेली चिनीमातीची बरणी, तिच्या तोंडाला कापडमाती, आणि बरणी धान्याच्या राशीत. शास्त्रात उकळून केलं की अरिष्ट आणि न उकळता केलं की आसव, म्हणजे आमचं होतं ते द्राक्षारिष्ट. पण लोणंदच्या पेठेत त्याला कुणी अरिष्ट म्हटलं नाही. अरिष्ट म्हणजे संकट, ते कोण विकत घेईल?

शार्ङ्गधर संहितेतल्या पाठात गूळ मनुकांच्या चौपट आहे. म्हणजे नाव द्राक्षांचं आणि जोर उसाचा. आमच्या शेजारी पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र, नीरेच्या कालव्यावर ऊसच ऊस, त्यामुळे गुळाला तोटा नव्हता. त्या गोडीतच सगळी मेख आहे. धायटीच्या फुलांबरोबर रानचं यीस्ट येतं, ते साखर खाऊन अल्कोहोल करतं. पण साखर इतकी की सगळी संपायच्या आत यीस्ट थकतं. उरते ती गोडी. जगातल्या कितीतरी गोड वाइन याच हिशेबावर उभ्या आहेत. कुणी द्राक्षं वेलीवर सुकवतं, तर टस्कनीत ती माळ्यावर टांगून किंवा चटयांवर वाळवून ‘व्हिन सांतो’ करतात. सायप्रसची ‘कमांदारिया’ उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची. पोर्तुगीजांनी वेगळी वाट काढली: आंबणं अर्ध्यावर असताना ब्रँडी ओतून यीस्टच मारायचं, तीच पोर्ट. तात्यांचे मनुके या वाळवणाऱ्यांच्या जातीतले.

महिना होत आला की तात्या मला बरणीला कान लावायला सांगत. आत सूं सूं असेल तर काम चालू. मग कापडमाती किंचित सैल करून पेटती काडी तोंडाशी धरायची. विझली तर अजून वायू निघतोय, पुन्हा बंद. जळत राहिली तर संधान, म्हणजे आंबणं, पुरं झालं. त्या काडीसाठी मी शाळा बुडवलेली आहे.

मनुके त्या काळी काबुली. पुण्याच्या व्यापाऱ्याकडून मीटरगेजच्या गाडीने लोणंद स्टेशनात उतरत. तात्या सांगत, कौटिल्याने द्राक्षाच्या मद्याला जी नावं दिली आहेत त्यातलं एक कापिशायन, म्हणजे कपिशेचं. आणि ही कपिशा काबूलच्या उत्तरेलाच. पुढे आपल्या सांगली जिल्ह्यात थॉमसन सीडलेसचे मळे उठले, बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी त्यातूनच तास-ए-गणेश निवडली आणि तासगाव, कवठेमहांकाळकडे बेदाण्याच्या शेड उभ्या राहिल्या. चार किलो द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीवर पंधरवडाभर सावलीत सुकवली की किलोभर बेदाणा. तात्यांना तो हिरवा बेदाणा कधीच पटला नाही. ‘शिऱ्यात घाला,’ म्हणायचे.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितली. कायद्याच्या कलमांत अल्कोहोल असलेली औषधंही सापडत होती. वैद्यमंडळी धास्तावली. एफ. एन. बलसारा यांनी कायद्याला आव्हान दिलं आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांना अडवणारी कलमं रद्द ठरवली, बाकीचा कायदा बराचसा तसाच ठेवून. १९५५ साली औषधांतल्या अल्कोहोलवर अबकारी कराचा वेगळा केंद्रीय कायदाही आला. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी एकदा आगाऊपणे म्हटलं, ‘आजी, यात दारू असते.’ तिने माळेला हात लावला आणि म्हणाली, ‘वैद्याने दिलंय ते औषध.’ पन्नास वर्षं झाली, याहून चांगला निकाल मी ऐकलेला नाही.

वाइनशी आमच्या राज्याचं नातं मात्र गोंधळलेलंच राहिलं. २००१ च्या धोरणात वाइनला सवलती आल्या, नाशिककडे विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क निघाले. विंचूरची जी चलती झाली ती पलूसच्या वाट्याला आली नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्याचा निर्णय झाला आणि गदारोळ उठला. तेव्हाही औषधांच्या दुकानात द्राक्षासव होतंच, कुणी हरकत घेतली नाही.

पुतण्याच्या बाटलीवर आम्ही दिवाळीत प्रयोग केले. पुरणपोळीसोबत फसली, पोळीपुढे ती वाइन लिंबाच्या पाण्यासारखी लागली. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन पडते, हा नियम पुतण्याने नंतर सांगितला, आधी सांगायला हवा होता. साताऱ्याच्या कंदी पेढ्यापुढेही ती टिकली नाही. तिथे मी घरातलं विकतचं द्राक्षासव काढलं: भाजलेल्या खव्याला दालचिनी, पिंपळी आणि मनुक्याची काळसर गोडी अशी काही बिलगली की सूनबाईंनी दुसरा चमचा मागितला. पण नाशिकच्या वाइनची खरी जोडी निघाली कांदाभजी. आमच्या मोंढ्यावरचा गरवा कांदा, जरा जास्त मीठ, हिरवी मिरची. तिखट-खारटाला गोडी आवरते, तेलकटपणाला आंबटपणा कापतो. फ्रेंच लोक सोटर्न ही गोड वाइन खारट रोकफोर चीजबरोबर घेतात ते याच कारणाने. आपणही पुरणपोळीशेजारी झणझणीत कटाची आमटी ठेवतोच की.

तात्यांची बरणी अजून आहे, तिच्यात खडेमीठ असतं. तुमच्या फडताळात द्राक्षासव असेल तर एखादा कंदी पेढा आणून, वैद्यांना विचारून, जेवणानंतर दोन चमचे घेऊन पाहा. मधुमेह असेल तर मात्र नको. गेल्या महिन्यात माझी साखर मोजल्यापासून मीही वासावरच भागवतो आहे.