कुलाब्याची पागा आणि बसचं आगार

गटाचे पापड-मसाले घेऊन मुंबईच्या प्रदर्शनाला गेलो की आपण बेस्टच्या लाल बसमध्ये चढतो. या बसच्या आधी तिथे घोडे होते!

९ मे १८७४ ला कुलाबा ते पायधुणी ट्राम सुरू झाली. डबा रुळांवर, ओढायला घोडे. कंपनीकडे ९०० घोडे होते म्हणतात. त्यांचा चारा, पाणी, नाल, लीद... दोन म्हशी सांभाळणारीला हा व्याप वेगळा सांगायला नको. कंपनीची कचेरी कुलाब्याला होती. आज तिथे इलेक्ट्रिक हाऊस आहे आणि जवळच बसचं कुलाबा आगार.

भाडं तीन आणे, पण तिकीटच द्यायचे नाहीत. फुकटे वाढले, तेव्हा त्याच वर्षी तिकिटं आली. ‘आपापसात पावतीपुस्तक कशाला?’ असं बैठकीत विचारणाऱ्या बायांनी हे जरूर ऐकावं.

१९०७ ला ट्राम विजेवर धावू लागली. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस निघाली. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली. खासगी धंदा शहराच्या मालकीचा झाला, ही मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली.

वडाळ्याच्या आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. पुढच्या प्रदर्शनाला गेलो की तिथली जुनी तिकिटं बघून येऊ.