हिरव्या क्षाराचा जुळा भाऊ

सन १८९३. झुरिकचा आल्फ्रेड वेर्नर जेमतेम २६ वर्षांचा. इलेक्ट्रॉनचा शोध अजून लागायचा होता. कोबाल्टभोवती सहा सोबती अष्टफलकाच्या सहा टोकांवर बसतात, असे त्याने मांडले. कोपनहेगनच्या योर्गेनसेनला ते पटेना. कोबाल्टचा चार अमोनिया अन् दोन क्लोरिन असलेला हिरवा क्षार ठाऊक होता. वेर्नर खरा, तर त्याला जुळा भाऊ हवा: एकात क्लोरिन समोरासमोर, दुसऱ्यात शेजारी. १९०७ साली तो जांभळा भाऊ सापडला. योर्गेनसेनने विरोध सोडला. १९१३ साली वेर्नरला नोबेल मिळाले.

१९२९ साली बेटेने सममितीचे गणित मांडले. त्यावरून पुढे उमगले, की धातूच्या पाच डी-कक्षकांपैकी दोन सोबत्यांच्या रोखाने असतात, तीन मधल्या फटींत. त्यांच्या ऊर्जेतल्या अंतरातूनच हे रंग उमलतात. न दिसणारा आकार ओळखणारा वेर्नर थोर खराच. पण पुराव्यापुढे मान तुकवणारा योर्गेनसेनही लहान नव्हे.