झूल केव्हां घालावी?

थंडीचा कडाका वाढला कीं अंगावर पांघरूण घ्यावें, हें माणसाला कोणी शिकवावें लागत नाहीं. घोड्याच्या बाबतींत हा प्रश्न इतका सरळ नाहीं. त्याच्या अंगावर निसर्गानें घातलेलें एक पांघरूण असतेंच. त्यावर माणसानें आणखी एक घालावें कीं घालूं नये, आणि घालावयाचें तर केव्हां, याविषयीं थंड देशांतील तबेल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आले आहेत. महाराष्ट्रांत झूल म्हटली कीं पोळ्याचा बैल किंवा वरातीचा घोडा डोळ्यांपुढें उभा राहतो. झूल ही आपल्याकडे शोभेची वस्तु. इतकी कीं, अंगीं गुण नसतां मोठेपणा मिरविणाऱ्यालाही आपण झूल पांघरल्याचें दूषण देतों. परंतु जेथें आभाळांतून बर्फ पडतें, तेथें ती जीवनमरणाची वस्तु ठरते. आणि एका प्रसंगीं तर ती घोड्यांच्याच नव्हे, माणसांच्याही जीवनमरणाशीं येऊन भिडली. तो प्रसंग म्हणजे १९१० ते १९१३ या काळांतील कॅप्टन स्कॉटची दक्षिण ध्रुवाची मोहीम.

या मोहिमेचा एक धागा इंदूरनजीकच्या महूच्या छावणीपर्यंत येऊन पोंचतो. इनिस्किलिंग ड्रॅगून्स या इंग्रज घोडदळाचा तीस वर्षांचा कॅप्टन लॉरेन्स ओट्स तेथें नोकरीवर होता. दक्षिण आफ्रिकेच्या युद्धांत मांडीला गोळी लागल्यामुळें त्याचा एक पाय किंचित् आंखूड झाला होता. घोडा हाच त्याचा व्यवसाय आणि घोडा हाच त्याचा विरंगुळा. स्कॉट घोडीं घेऊन ध्रुवाकडे निघाला आहे हें कळतांच त्यानें अर्ज केला, पदरचे एक हजार पौंड मोहिमेस दिले आणि तट्टांची जबाबदारी अंगावर घेतली.

दुर्दैव असें कीं, तट्टें निवडण्याचें काम त्याच्याकडे आलें नाहीं. तें सेसिल मीअर्सकडे सोंपविलेलें होतें, आणि मीअर्स हा जाणकार होता तो कुत्र्यांचा. मांचुरियांतून त्यानें एकोणीस तट्टें खरेदी केलीं. १९०७ ते १९०९ च्या मोहिमेंत शॅकल्टन अशाच तट्टांच्या साहाय्यानें ध्रुवापासून ९७ सागरी मैलांवर पोंचला होता. त्याचीं काळीं तट्टें आधीं मेलीं आणि पांढरीं अधिक टिकलीं, यावरून पांढऱ्या रंगाचीं जनावरें घ्यावीं असें ठरलें होतें. घोड्याचे दांत, खूर व छाती पाहावयाच्या ऐवजीं रंग पाहिला गेला! न्यूझीलंडमध्यें ओट्सनें तीं प्रथम पाहिलीं तेव्हां त्याची घोर निराशा झाली. कांहीं म्हातारीं, कांहीं लंगडीं, कांहीं केवळ द्वाड. डिसेंबर १९१० च्या आरंभीं समुद्रांत झालेल्या वादळांत दोन दगावलीं, आणि जानेवारी १९११ मध्यें सतरा तट्टें दक्षिण खंडाच्या किनाऱ्यावर उतरलीं.

येथें घोड्याच्या अंगावरील केसांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्यावर उभी आहे. घोड्याच्या कातडीला ऋतु कळतो तो मुख्यतः थंडीवरून नव्हे, दिवसमानावरून. दिवस लहान होऊं लागले कीं दाट हिंवाळी केस उगवूं लागतात; दिवस वाढूं लागले कीं ते गळतात. थंडी वाजतांच हा प्रत्येक केस उभा राहतो आणि केसांच्या मुळाशीं हवेचा एक थर कोंडला जातो. खरी ऊब असते ती या थराची. पाठीवर पडलेलें बर्फ न वितळतां तसेंच राहिलेलें दिसलें तर नवखा मनुष्य कळवळतो. जाणता मोतद्दार मात्र निश्चिंत होतो, कारण आंतली ऊब बाहेर जात नाहीं याचीच ती खूण असते. दुसरी शेगडी पोटांत असते. वैरण मोठ्या आंतड्यांत आंबते आणि तीतून उष्णता निघते. म्हणून कडाक्याच्या रात्रीं दाण्याच्या तोबऱ्यापेक्षां गवताची पेंढी अधिक उपयोगी पडते. पोट भरलेला, दाट केसांचा, कोरडा घोडा शून्याखालीं दहा अंश सेल्सियस थंडींतही वाऱ्याआड सुखानें उभा राहतो. पण तोच घोडा भिजला कीं केस चिकटून बसतात, हवेचा थर नाहींसा होतो आणि गोठणबिंदूच्या वरच्या हवेंतही तो थरथरूं लागतो. पातळ झूल घालून केस दाबून टाकले तरी नुकसान तेंच. निसर्गाचें पांघरूण निकामी झालें आणि माणसाचें अपुरें पडलें, अशी त्याची स्थिति होते.

आतां या मांचुरियाच्या तट्टांकडे पाहावें. त्यांच्या देशचा हिंवाळा अत्यंत कडक, म्हणून तीं थंडीला सरावलेलीं असणार हा तर्क वरवर पाहतां बरोबर वाटतो. परंतु उत्तर गोलार्धाचा उन्हाळा, मग न्यूझीलंडचा वसंत आणि मग ध्रुवाजवळचा न मावळणारा सूर्य, असा त्यांचा प्रवास झाला होता. त्यांच्या कातडीच्या पंचांगांत हिंवाळा अजून लागलाच नव्हता! स्कॉटनें जानेवारीच्या अखेरीस त्यांतलीं आठ तट्टें घेऊन पुढील वर्षासाठीं वाटेवर अन्नाचे व इंधनाचे सांठे करण्यास कूच केलें, तेव्हां पुरते हिंवाळी केस कोणाच्याही अंगावर नव्हते.

फेब्रुवारीच्या ४ तारखेस हिमवादळ सुरू झालें आणि तें तीन दिवस टिकलें. ध्रुवप्रदेशींच्या वादळांतलें बर्फ आपल्या कल्पनेंतल्या कापसासारखें नसतें. तें पिठासारखें बारीक असतें, झुलीच्या कडेखालून शिरतें, केसांच्या मुळाशीं जातें आणि अंगाच्या उबेनें तेथें वितळतें. झुली होत्या, पण त्या वाऱ्याला अडवूं शकल्या नाहींत. वादळ निवळलें तेव्हां तट्टें जागच्या जागीं खंगलेलीं आढळलीं. तेव्हांपासून तळ पडतांच वाऱ्याच्या बाजूस बर्फाची भिंत रचण्याचा उपाय निघाला. तिच्या आड तट्टें पुष्कळ शांत राहत. झुलीपेक्षां ही भिंतच अधिक मोलाची ठरली असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. परंतु झालेली हानि भरून निघाली नाहीं. तिघांना मागें धाडण्यांत आलें. त्यांपैकीं दोन वाटेंतच मेलीं.

१७ फेब्रुवारी १९११ रोजीं उरलेलीं पांच तट्टें घेऊन स्कॉट दक्षिण अक्षांश ७९ अंश २९ कलांवर पोंचला. मुख्य सांठा ८० अंशांवर करण्याचा त्याचा बेत होता. अजून ३१ सागरी मैल उरले होते. ओट्सचें म्हणणें असें पडलें कीं, थकलेलीं तट्टें एकेक करून मारावीं, त्यांचें मांस तेथेंच ठेवावें आणि सांठा ठरल्या जागीं न्यावा. घोड्यांवर सर्वांत अधिक जीव असलेल्या माणसानें हा सल्ला द्यावा, यांत विसंगति वाटेल. पण ज्याला घोड्याची शक्ति किती उरली आहे हें कळतें, त्यालाच ती केव्हां संपणार हेंही कळतें. स्कॉटला जनावरांचे हाल पाहवत नसत. त्यानें नकार दिला आणि सुमारें एक टन सामान तेथेंच पुरून तो परतला. त्याची ही दया उपयोगी पडली नाहीं. परततांना एक तट्टू थकव्यानें गेलें, समुद्रावरचें बर्फ फुटून आणखी तीन गेलीं. आठांपैकीं दोनच जिवंत राहिलीं.

या अनुभवाचा दुसरा परिणाम त्याहून दूरगामी झाला. वसंताच्या आरंभींची थंडी तट्टांना सोसणार नाहीं, म्हणून ध्रुवाकडे निघण्याची तारीख १ नोव्हेंबरपर्यंत मागें ढकलावी लागली. कुत्रीं घेऊन निघालेला नॉर्वेचा आमुंडसेन त्यापूर्वींच, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यांत, मार्गस्थ झाला होता. म्हणजे सांठ्याची जागा आणि निघण्याचा दिवस या दोन्ही गोष्टी नकाशा पाहून ठरल्या नाहींत. तट्टांच्या अंगावरील केसांनीं त्या ठरविल्या.

मधल्या हिंवाळ्यांत केप एव्हान्स येथें झोपडीच्या भिंतीला लागून बांधलेल्या तबेल्यांत ओट्स आणि त्याचा रशियन मोतद्दार अँटन यांनीं उरलेल्या दहा तट्टांची जी शुश्रूषा केली, तिला तोड नाहीं. पौष्टिक चंदी शेवटच्या महिन्यांसाठीं राखून ठेवली गेली, रोज फिरवून आणण्याचा नेम चुकला नाहीं आणि पहिल्या प्रवासाचा धडा घेऊन झुलींतही सुधारणा झाल्या. नोव्हेंबरमध्यें कूच झालें तें रात्रीं चालावयाचें आणि दिवसां थांबावयाचें या क्रमानें. सूर्य मावळत नसला तरी दिवसां तो वर असे. विश्रांतीच्या वेळीं ती थोडीशी ऊब तट्टांना मिळावी हा हेतु. मुक्काम पडतांच घामेजलेल्या अंगावर आधीं झूल पडे, मग भिंत उभी राही, आणि मग माणसें आपल्या जेवणाकडे वळत. अशा व्यवस्थेंत शून्याखालीं वीस अंशांच्या आसपासची थंडीही त्यांनीं सोसली.

त्यांना संपविलें तें थंडीनें नव्हे, उबेनें. ५ डिसेंबर १९११ रोजीं सुरू झालेलें वादळ चार दिवस चाललें आणि त्यांत पारा गोठणबिंदूच्याही किंचित् वर गेला. बर्फ अंगावर पडतांच पाणी होई. झुली चिंब, केस चिंब, पायांखालीं गुडघ्याएवढा चिखल. एका महिन्यांतील गोठलेल्या रात्रींनीं जें केलें नाहीं तें या दमट वादळानें केलें. ९ तारखेस उरलेल्या पांचही तट्टांना शेवटची एक मजल चालवून गोळ्या घालण्यांत आल्या. त्या तळाला मंडळींनीं कत्तलखान्याचें नांव दिलें.

घोड्याच्या थंडीचा हिशेब पाऱ्यावरून करूं नये, वारा, ओल आणि केस यांवरून करावा, हें एवढ्या किंमतीनें शिकलेलें ज्ञान लगेच सर्वत्र पसरलें असेंही नाहीं. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यानें फ्रान्समधील आपल्या घोड्यांना खरूज होऊं नये म्हणून हिंवाळ्यांत त्यांचे केस भादरले. खरूज आटोक्यांत आली, पण १९१७ च्या वसंतांत अरासच्या लढाईच्या सुमारास थंडी, पाऊस आणि कमी केलेली चंदी या तिहींच्या मारानें घोड्यांची भयंकर हानि झाली. नंतर भादरण्याचे नियम बदलावे लागले.

नॉर्वेंतील संशोधकांनीं तर पुढें हा प्रश्न खुद्द घोड्यांनाच विचारला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत तेवीस घोड्यांना तीन फलक ओळखावयास शिकविलें होतें: आडवी रेघ म्हणजे झूल घाला, उभी रेघ म्हणजे काढा, कोरा फलक म्हणजे आहे तसेंच असूं द्या. घोडा ज्या फलकाला नाकानें स्पर्श करी त्याप्रमाणें वागावयाचें. दोन आठवड्यांत सर्व घोडे शिकले. पाऊस, वारा आणि गारठा एकत्र असतां बहुतेकांनीं झूल मागितली. स्वच्छ उन्हांत नाकारली. ओट्सला या निकालांत नवें कांहीं वाटलें नसतें.

पण तो तोंवर उरला नव्हता. स्कॉट आणि त्याचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजीं ध्रुवावर पोंचले. आमुंडसेन तेथें महिनाभर आधीं येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर मार्चच्या थंडीनें त्यांना गांठलें. एव्हान्स नांवाचा खलाशी आधींच गेला होता. पाय हिमदंशानें निकामी झालेला ओट्स, सोबत्यांना आपला भार नको म्हणून, मार्चच्या मध्यास वादळांत तंबूबाहेर निघून गेला. उरलेले तिघे त्या एक टनाच्या सांठ्यापासून ११ मैलांवर मेले. सांठा ८० अंशांवर असता तर तो त्यांना आधींच लागला असता. तेवढ्यानें ते वांचले असते असें छातीवर हात ठेवून म्हणतां येत नाहीं. इंधन कमी पडलें होतें, शक्ति संपली होती, इतरही चुका होत्या. तरी ते ३१ मैल डोळ्यांआड करतां येत नाहींत.

ओट्सच्याच सूचनेवरून स्कॉटनें दुसऱ्या वर्षासाठीं हिंदुस्थानांतून खेचरें मागविलीं होतीं. हिमालयांतील वाहतुकीला सरावलेलीं सात खेचरें हिंदुस्थान सरकारनें दिलीं आणि तीं १९१२ च्या आरंभीं जहाजानें केप एव्हान्सला पोंचलीं. बरोबर त्यांच्या झुली, बर्फांत पाय रुतूं नयेत म्हणून खुरांना बांधावयाचीं साधनें आणि डोळे दिपूं नयेत म्हणून रंगीत चष्मेही आले होते. त्यांचीं नांवें लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहेब. ऑक्टोबरच्या अखेरीस हीं खेचरें घेऊन शोधपथक दक्षिणेकडे निघालें, आणि १२ नोव्हेंबर १९१२ रोजीं त्याला बर्फांत अर्धवट बुडालेला तो तंबू दिसला. आंत तिघांचे देह होते. शोधपथक ओट्सच्या शोधार्थ आणखी दक्षिणेस गेलें. तेथें त्यांना त्याची झोपण्याची पिशवी तेवढी सांपडली.